मुलं उद्याही मैदानावर यायला हवीत : खो-खोच्या नव्या प्रशिक्षकासाठी

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. असा विजय टीव्हीवर आणि मोबाइलवर दिसला की चार नवी पोरं मैदानाच्या कडेला येऊन उभी राहतात. विजयाचं काम तिथे संपतं. ती पोरं पुढच्या सोमवारीही येतात की नाही, हे मात्र शिट्टी कोणाच्या गळ्यात आहे त्यावर ठरतं.

तुम्ही कालपर्यंत स्वतः खेळत होता आणि मंडळाने छोट्यांची बॅच तुमच्याकडे दिली, किंवा शाळेत नव्याने क्रीडाशिक्षक म्हणून लागलात आणि १४ वर्षांखालचा संघ तुमच्या वाट्याला आला, असं धरून हे लिहितो आहे. 'मुलांना मोटिव्हेट करा' हे वाक्य तुम्हाला मुख्याध्यापकांपासून पालकांपर्यंत सगळे ऐकवतील. त्यावर बहुतेक नवे प्रशिक्षक करतात काय, तर सराव संपला की मुलांना गोलात बसवून दहा मिनिटं भाषण. भाषण वाईट नसतं, पण त्याचा परिणाम सायकलला टांग मारेपर्यंत टिकतो. मुलाला खेळायची इच्छा होते किंवा मरते ती त्याआधीच्या तासाभरात. त्यामुळे खालच्या बहुतेक गोष्टी त्या तासाबद्दल आहेत.

पहिले पंधरा दिवस : विचारा आणि लिहून ठेवा

दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक मुलाला एक पान. नाव, जन्मतारीख, घर कुठे, घरी कोणाबरोबर जातो, कोणाबरोबर आला आणि का आला. शेवटचा प्रश्न सगळ्यांसमोर विचारू नका. गोलात उभं करून विचारलंत तर पहिला म्हणेल 'देशासाठी खेळायचंय' आणि उरलेले तेवीस तेच म्हणतील. चालता चालता, फक्की (रेषांसाठीची पांढरी पूड) आखायला मदतीला घेतलेल्या मुलाला विचारा. मग खरं बाहेर येतं : शेजारची ताई येते म्हणून, घरी बसून कंटाळा येतो म्हणून, वजन कमी करायचंय, क्लासपासून सुटका, दहावीला क्रीडा गुण मिळतात म्हणून.

यातलं कुठलंच कारण हलकं नाही. क्रीडा गुणांसाठी आलेल्याला हिणवणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत आणि मला ते पटत नाही. राज्यात खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला स्पर्धेच्या पातळीनुसार सवलतीचे गुण आहेत. घरून मैदानावर पाठवायला हे एक भक्कम कारण असतं. मुलगा एका कारणासाठी येतो आणि दुसऱ्या कारणासाठी टिकतो, हे आपल्या धंद्यात रोज दिसतं. पहिलं कारण माहीत असलं की दुसरं तयार करायला वेळ मिळतो.

कोणाबरोबर आला हे तर फार महत्त्वाचं. जोडीने आलेल्यांना पहिल्या आठवड्यात वेगवेगळ्या गटांत टाकू नका. शिस्तीच्या नावाखाली मैत्रिणी वेगळ्या केल्या की दोघीही जातात.

रांग मोडा

हा सगळ्यात मोठा मुद्दा. कुठल्याही मैदानावर जाऊन एकाच मुलावर नजर ठेवा आणि तासाभरात तो प्रत्यक्ष किती मिनिटं पळतो ते घड्याळ लावून बघा. आकडा पाहून धक्का बसेल. बाकीचा वेळ तो रांगेत उभा असतो, पाटीवर खो येण्याची वाट बघत बसलेला असतो, किंवा बाद होऊन कडेला माती उकरत असतो.

खो-खोची रचनाच अशी आहे. आठ जण बसलेले, एक पाठलाग करणारा, समोर तिघा संरक्षकांची तुकडी. पूर्ण मैदानावर एका वेळी बारा जण, आणि त्यातही खरे पळणारे चारच. शिवाय नवखा संरक्षक पंधरा-वीस सेकंदांत बाद होतो आणि मग त्याची पाळी पुन्हा कधी येईल ते देव जाणे. म्हणजे ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज आहे, त्यालाच सर्वांत कमी खेळायला मिळतं. अशा मुलाला 'तू मेहनत कमी करतोस' म्हणणं अन्यायाचं आहे.

उपाय साधा आहे. चोवीस मुलं असतील तर फक्की मारून तीन छोटी मैदानं आखा. प्रत्येकात चारच पाट्या, दोन्ही टोकांना खांबाच्या जागी प्लास्टिकचे कोन. चार बसणारे, एक पाठलागाला, दोन संरक्षक, एक जण घड्याळ आणि वही घेऊन : झाले आठ. दोन मिनिटांची पाळी. संरक्षक बाद झाला की त्याने मैदानाबाहेरच्या रेषेला हात लावायचा आणि पुन्हा आत यायचं. कडेला बसायचं नाही. दोन मिनिटं संपली की सगळ्यांनी एक जागा पुढे सरकायचं. सोळा मिनिटांत आठही जणांचं सगळं करून होतं, घड्याळ लावण्यासकट.

यात एक गैरसोय आहे : तुम्ही तिन्हीकडे एका वेळी पाहू शकत नाही. फाउल सुटतील, कोणीतरी मध्यपाटी (बसलेल्यांची मधली पट्टी) ओलांडेल, पाठलाग करताना कोणी दिशा बदलेल, आणि भांडणं होतील. होऊ द्या. घड्याळवाल्याला पंच करा आणि त्याचा निर्णय अंतिम ठेवा. नियम पाठ करून घेण्यापेक्षा पंच होऊन ते लवकर डोक्यात बसतात. पूर्ण मैदानाचा, मोठ्या माणसांसारखा ९ मिनिटांच्या पाळ्यांचा सामना आठवड्यातून एकदा पुरे, तोही शनिवारी ठेवा. तो सामना हे मुलांसाठी आठवड्याचं आमिष असतं.

शाब्बासकीचं व्याकरण

अमेरिकेत रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल या दोन मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांवर बरीच वर्षं काम केलं. त्यांचं निरीक्षण असं की प्रशिक्षक मुलांशी कसा बोलतो, विशेषतः चूक झाल्यावर, त्यावर मुलांचं खेळणं आवडणं-नावडणं फार अवलंबून असतं. त्यांनी काही प्रशिक्षकांना जेमतेम अडीच तासांचं शिक्षण दिलं : चांगल्या प्रयत्नाची दखल घ्या, चुकल्यावर आधी धीर द्या, मग दुरुस्ती सांगा, ओरडू नका. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पुढच्या हंगामाला या प्रशिक्षकांकडची ५ टक्के मुलं गळाली, बाकीच्यांकडची २६ टक्के. दोन्हीकडच्या हार-जितीत फरक नव्हता. आणि सर्वांत जास्त फायदा कोणाला? ज्यांचा स्वतःवर विश्वास कमी होता त्या मुलांना.

आपल्याकडे 'शाब्बास' दिवसभर चालू असतं आणि म्हणून त्याला किंमत उरत नाही. मुलीला कळायला हवं की नेमकं काय चांगलं झालं. "शाब्बास गं!" याऐवजी : "खांबाजवळ वळताना आज खाली वाकलीस, म्हणून आतून निघालीस. उद्याही तसंच." वाक्य लांब वाटेल, पण बोलायला चार सेकंद लागतात. त्यात ती काय करत होती ते आहे, त्याचा परिणाम आहे आणि उद्याचं काम आहे.

चुकीचंही तसंच. मुलगा खो मिळण्याआधीच उठतो, हे नवख्यांचं नेहमीचं. "अरे किती वेळा सांगायचं?" यातून तो एवढंच शिकतो की सर चिडले. "पाय छान तयार होते तुझे. हात पाठीला लागू दे, 'खो' कानावर येऊ दे, मग सुट." यात त्याची उतावीळ ही चूक न राहता कच्चा माल होते. उतावीळ मुलं पुढे चांगले आक्रमक होतात. बसून पेंगणारा शिकवणं जास्त कठीण.

'तू जन्मजात खेळाडू आहेस' हे मात्र टाळा, कितीही खरं वाटलं तरी. कॅरल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर यांनी १९९८ मध्ये दाखवलं की हुशारीचं कौतुक ऐकलेली मुलं पुढे अपयश आलं की जास्त लवकर खचली. कष्टांचं कौतुक ऐकलेली टिकून राहिली. तो अभ्यास कोड्यांवरचा होता, मैदानावरचा नव्हता. पण जिल्हास्तरावर चमकलेला 'स्टार' विभागात पहिल्या तीस सेकंदांत बाद झाल्यावर पुढचे आठ दिवस सरावाला येत नाही, हे ज्याने पाहिलंय त्याला वेगळा पुरावा लागत नाही.

आणखी एक गोष्ट खास खो-खोतली. गडी बाद करणाऱ्याच्या नावावर गुण लागतो. पण त्याआधी दोन जणांनी अचूक वेळी खो देऊन तो गडी कोपऱ्यात कोंडलेला असतो. ते कुठेच नोंदलं जात नाही. सराव सामन्यात घड्याळवाल्याला 'चांगला खो' मोजायला सांगा. बारीक चणीची, कमी वेगाची पण डोकं चालवणारी मुलं या एका रकान्यामुळे टिकतात.

स्वतःचं वर्तमानपत्र

खो-खोच्या बातम्या वाचल्या असतील तर त्यातली कंसातली भाषा ओळखीची असेल : अमुक (१.४० मि. संरक्षण व ३ गडी), म्हणजे १ मिनिट ४० सेकंद बाद न होता टिकला आणि ३ गडी बाद केले. मुलांना त्यांच्या पानावर स्वतःची अशीच ओळ लिहू द्या. दर शनिवारी एक ओळ. सुरुवातीला ती '०.१८ मि. संरक्षण, ० गडी, ५ चांगले खो' अशी असते. पाच आठवड्यांनी ०.३१ होते. संघातला सर्वोत्तम पोरगा दोन मिनिटं टिकतो, त्याच्याशी तुलना केली तर ०.३१ म्हणजे काहीच नाही. पण त्याच्या पानावर तो आकडा जवळजवळ पावणेदोन पट झालेला असतो.

हे पान फळ्यावर लावू नका. यादी भिंतीवर गेली की मुलं स्वतःची ओळ सोडून शेवटून तिसरा कोण हे वाचतात.

थोडं त्यांनाही ठरवू द्या

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या सिद्धांतानुसार माणूस आपणहून एखादी गोष्ट करत राहतो ते तीन गरजा भागल्या तर : आपल्याला काही ठरवता येतं, आपल्याला हे जमतंय, आणि इथे आपली माणसं आहेत. जमण्याचं आणि माणसांचं वर आलं. ठरवण्याचं आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित, कारण शिस्त म्हणजे सरांनी सांगायचं आणि पोरांनी करायचं अशी सवय आहे.

त्यांच्या हातात सगळं सोडायचं नाहीये. वॉर्मअप दोन प्रकारचे ठेवा आणि आज कुठला ते एका मुलाला ठरवू द्या. तुकड्यांचा क्रम तुकडीलाच ठरवू द्या. संरक्षणात एकेरी साखळी (बसलेल्यांमधून नागमोडी पळणं) खेळायची की गोल (फेऱ्या मारत पळणं), हे वेळ मागून तिघींना आपसात बोलू द्या. चुकल्या तर का चुकलो हे त्याच जास्त नीट सांगतील.

सूर मारायला शिकवताना तर हे फारच उपयोगी. टीव्हीवर पाहून सगळ्यांनाच स्काय डाइव्ह (हवेत झेपावून मारलेला सूर) मारायची असते आणि प्रत्यक्षात सगळ्यांनाच मातीची भीती वाटते. जमीन आधी खणून, खडे वेचून, पाणी मारून मऊ करा, किंवा मॅट मिळवा. मग चार टप्पे : गुडघ्यावर बसून, हनुवटी वर ठेवून, हात पसरून पुढे पडणं, मग उकिडवं बसून, मग दोन पावलं टाकून, आणि शेवटी खांबाला धरून. पुढच्या टप्प्यावर कधी जायचं हे मुलाने सांगायचं. "अरे घाबरतोस काय, मार" असं म्हणून ढकललेलं पोर छातीवर आपटतं, आणि मग पुढचं वर्षभर सूर मारत नाही. उलट आठवडाभर उकिडव्यावरच रेंगाळलेली मुलगी एके दिवशी सगळ्यांच्या आधी खांबावर गेलेली दिसते. ज्याला दुसऱ्याच दिवशी खांबावर जायचंय, त्याला मात्र आधीचे टप्पे दाखवून मगच. इथे सुरक्षिततेचा शब्द तुमचा.

राऊंड आणि मेडल

उशिरा आला, पाच राऊंड. खो चुकला, दहा उठाबशा. ही पद्धत इतकी रुळली आहे की तिच्यातला विनोद कोणाच्या लक्षात येत नाही : ज्या खेळात आयुष्यभर पळायचंय, त्यात पळणं हीच शिक्षा. उशिरा येणाऱ्याला सामान आवरायला थांबवा, किंवा त्या दिवशी तुकडी निवडायचा हक्क काढून घ्या. हात उचलण्याचा तर प्रश्नच येत नाही. शाळेतल्या मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि मानसिक त्रास द्यायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे, आणि 'आमच्या वेळी सर छडीने मारायचे' हे उत्तर तिथे चालत नाही.

बक्षिसांचं जरा गुंतागुंतीचं. १९७३ मध्ये स्टॅनफर्डच्या बालवाडीत एक प्रयोग झाला. चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांपैकी काहींना 'चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल' असं आधीच सांगितलं. पुढे मोकळ्या वेळात ही मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांकडे वळली. अचानक, न सांगता प्रमाणपत्र मिळालेल्यांची आवड मात्र घटली नाही. आपण यातून घ्यायचं ते इतकंच : रोजच्या सरावाला आमिष लावू नका. 'जो जास्त गडी मारेल त्याला वडापाव' हे एकदा गंमत म्हणून ठीक, रोज केलंत की वडापाव नसलेल्या दिवशी पाय जड होतात. सामना हरल्यावर सगळ्यांना न सांगता उसाचा रस पाजणं मात्र खुशाल करा.

बारा जणांची यादी

संघात बारा, मैदानात नऊ, बॅचमध्ये चोवीस. निवडीच्या दिवशी अर्धी मुलं हिरमुसणार हे गृहीत धरा. यादी वाचून दाखवायच्या आधी, न घेतलेल्या प्रत्येकाशी दोन मिनिटं स्वतंत्र बोला : काय कमी पडलं, पुढच्या यादीपर्यंत काय करायचं. फळ्यावर आपलं नाव नाही हे मित्रांच्या घोळक्यात कळलेलं मूल घरी जाऊन रडतं आणि बूट माळ्यावर टाकतं.

राखीव तिघांना सामन्यात काम द्या. एकाने समोरच्या आक्रमकांचे फाउल लिहायचे, एकाने आपल्या तुकड्यांचा वेळ, एकाने समोरचा कोणता गडी कुठल्या बाजूला हुल देतो ते. आणि सामना हातात आला असेल तर त्यांना खेळवा. पंधरा गुणांनी जिंकायच्या ऐवजी नऊने जिंकलात तर वर्तमानपत्र काही वाईट छापत नाही.

निवड करताना वहीतली जन्मतारीख उघडी ठेवा. शालेय स्पर्धांत वय १ जानेवारीला धरून मोजतात. त्यामुळे एकाच गटात जानेवारीतला आणि डिसेंबरातला मुलगा असतो, आणि बारा-तेराव्या वर्षी अकरा महिन्यांनी उंचीत चांगलाच फरक पडू शकतो. त्यात कोणी लवकर वयात येतो, कोणी उशिरा. मोठा दिसतो म्हणून निवडला जातो, निवडला जातो म्हणून जास्त सामने मिळतात, आणि दोन वर्षांनी आपण म्हणतो, बघा, मी आधीच ओळखलं होतं. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेल्यावर, विशीत, धावण्याकडे गंभीरपणे वळला आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसमध्ये रौप्य घेऊन आला. बाराव्या वर्षी कोणाला 'याचं काही होणार नाही' म्हणायच्या आधी हे आठवावं.

घरच्यांशी

पहिल्या महिन्यातच पालकांना एकदा मैदानावर बोलवा. भाषण नको, शनिवारचा सामना दाखवा आणि त्यांच्या मुलाचं वहीतलं पान हातात द्या. सामन्यात कडेने सूचना ओरडायच्या नाहीत, ही एकच अट हसत पण स्पष्ट सांगा.

आठवी-नववीनंतरचं संभाषण ठरलेलं असतं. "सर, आता दहावीचं वर्ष, क्लास साडेपाचला असतो." इथे 'खेळाने अभ्यास सुधारतो' वगैरे वाद घालू नका. "काकू, आठवड्यातून दोन दिवस पाठवा, शनिवार आणि रविवार सकाळी. परीक्षेच्या आधी महिनाभर नाही आला तरी त्याची जागा जात नाही." दोन दिवस येणारा मुलगा हा गेलेल्या मुलापेक्षा कधीही बरा.

मुलींच्या बाबतीत तेराव्या-चौदाव्या वर्षी गळती अचानक वाढते आणि कारण सांगितलं जात नाही. बऱ्याचदा ते अगदी साधं असतं : कपडे बदलायला जागा नाही, संडास नाही किंवा त्याला कुलूप आहे, पाळीच्या दिवसांत सरांना काय सांगायचं कळत नाही, अंधार पडल्यावर घरी कोणाबरोबर जायचं. पुरुष प्रशिक्षक असाल तर एखाद्या बाईंना किंवा सिनियर ताईला हे विचारायची जबाबदारी द्या, कारण न सांगता बाजूला बसायची मुभा जाहीर करा, आणि हिवाळ्यात सराव अर्धा तास आधी उरका. मुलींशी एकट्याने बंद खोलीत बोलायचं नाही, जे बोलायचं ते मैदानावर, सगळ्यांना दिसेल असं. यात त्यांचीही सोय आहे आणि तुमचीही.

कोणी यायचं बंद झालं तर

तीन दिवस वाट पाहा, चौथ्या दिवशी फोन करा. "का येत नाहीस?" हा प्रश्न विचारू नका, त्यावर खोटंच उत्तर मिळतं. "शनिवारी तुझ्या तुकडीत दोघीच आहेत, येतेस का?" असं विचारा. आली तर कुठे होतीस याची चौकशी सगळ्यांसमोर नको, सरळ पाटीवर बसवा. आली नाही तर तिच्या जोडीदारणीला विचारा. खरं कारण तिला माहीत असतं, आणि निम्म्या वेळा ते तुमच्याच एखाद्या वाक्यात सापडतं.

काही जण खरंच दुसरीकडे जातील. कबड्डीला, अ‍ॅथलेटिक्सला, किंवा तबल्याच्या क्लासला. त्यांना अडवू नका, वहीतलं त्यांचं पान फाडून त्यांच्या हातात द्या, आणि पुढच्या स्पर्धेचं वेळापत्रक ग्रुपवर टाकताना त्यांचा नंबर ग्रुपमधून काढू नका.